पहिलं मनगटी घड्याळ घेताना: डायल नंतर बघा, आधी मागचं झाकण वाचा

दोन-चार हजारांत घड्याळ घ्यायला गेलं की दुकानदार काउंटरवर दहा-बारा नग मांडतो आणि नजर नेमकी सगळ्यात चमकणाऱ्या नगावर जाते. मोठी डायल, सोनेरी कड, आत आणखी तीन छोटी चक्रं, जाडजूड चेन. या किमतीत फसगत होते ती बहुतेक अशाच घड्याळात. टिकाऊ हवं की देखणं, असा प्रश्न नवखे विचारतात. पण कमी बजेटमध्ये जे टिकत नाही ते वर्षभरात दिसायलाही वाईट होतं. मुलामा उडतो, रेक्झिनचा पट्टा सोलवटतो, काचेवर रेघा पडतात. याउलट तीन काटे, साधी डायल, स्टीलची केस (म्हणजे बाहेरचं आवरण) आणि नावाजलेलं क्वार्ट्झ मशीन असलेलं घड्याळ आठ-दहा वर्षांनीही लग्नकार्यात घालून जाता येतं.

पुढचं सगळं साधारण एक हजार ते बारा हजार रुपयांच्या घड्याळांबद्दल आहे. भाव सतत हलतात, त्यामुळे रुपयांतले आकडे अंदाजाचे समजा.

१. कुठे घालणार ते आधी ठरवा

रोजच्या लोकलच्या गर्दीत, दुचाकीवर, कारखान्यात किंवा शेतावर घालायचं असेल, तर हलकं आणि धक्का सोसणारं डिजिटल घ्या. ऑफिस आणि समारंभ दोन्हीसाठी एकच हवं असेल, तर पांढऱ्या, काळ्या किंवा निळ्या डायलचं काट्याचं क्वार्ट्झ. पोहायला जात असाल, तर मागच्या झाकणावरचा पाण्याचा आकडा पहिला. बाकी सगळं त्यानंतर. मुलाला परीक्षेसाठी म्हणून घेत असाल, तर हॉल तिकिटावरच्या सूचना वाचा. नीटसारख्या परीक्षेला कुठलंच घड्याळ आत नेता येत नाही.

हजार-दीड हजारात कॅसिओची साधी डिजिटल किंवा सोनाटाची काट्याची घड्याळं मिळतात. दोन ते पाच हजारांत टायटन, टाइमेक्स, कॅसिओची काट्याची मॉडेल्स. पहिल्या घड्याळासाठी हा किमतीचा टप्पा सगळ्यात फायद्याचा. पाच ते बारा हजारांत जी-शॉक (कॅसिओची धक्का सोसणारी घड्याळं), सोलर, कधी सफायर काच आणि खालच्या पायरीची ऑटोमॅटिक येतात.

२. मशीन: खरा पैसा इथे

आतल्या यंत्रणेला बाजारात मशीन म्हणतात. नवख्याने तीनच प्रकार ओळखले तरी पुरे.

क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं. सेलच्या विजेने क्वार्ट्झचा छोटासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे; सर्किट तो पंधरा वेळा निम्मा करतं आणि सेकंदाला एक ठोका उरतो, त्या ठोक्याने काटा एक घर पुढे जातो. म्हणून हजार रुपयांचं क्वार्ट्झसुद्धा वेळेच्या बाबतीत लाखाच्या चावीच्या घड्याळाला हरवतं. साध्या क्वार्ट्झमध्ये महिन्याला १५ ते २० सेकंदांचा फरक चालतो, कॅसिओच्या साध्या डिजिटलमध्ये ३० सेकंदांचा.

स्वस्त घड्याळांत सर्वाधिक दिसणाऱ्या मशीनपैकी एक म्हणजे मियोटा २०३५. मियोटा ही सिटिझन या जपानी कंपनीच्याच घरची. तीन काटे, एक ज्वेल (झीज कमी व्हावी म्हणून फिरत्या भागाखाली बसवलेला खडा), महिन्याला २० सेकंदांची मुभा, सेल अंदाजे तीन वर्षं. हे मशीन बिघडलं तर सहसा कोणी दुरुस्त करत बसत नाही, अख्खं बदलतात, आणि तो खर्च काहीशेंच्या घरात राहतो. आपल्याकडे टायटनही तमिळनाडूतल्या होसूरला स्वतःची क्वार्ट्झ मशीन बनवते; टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचं औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये ही कंपनी काढली. शहराशहरांत तिची दुरुस्ती केंद्रं आहेत, आणि पहिलं घड्याळ घेणाऱ्याला ब्रँडच्या रुबाबापेक्षा ही सोय जास्त उपयोगी पडते.

डायलच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, बारीक अक्षरांत ‘जपान मूव्हमेंट’ लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ एवढाच की मशीन जपानी कंपनीचं आहे. केस, काच, पट्टा कुठले आणि कसे, याची हमी त्यात नाही. पाचशे-सातशेच्या घड्याळावर ‘स्विस मेड’ दिसलं तर ते खाली ठेवा. त्या शिक्क्यासाठी मशीन स्विस असावं लागतं आणि उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. सातशे रुपयांत ते बसत नाही.

सोलर हा क्वार्ट्झचाच प्रकार. डायलखाली प्रकाश पकडणारी पट्टी आणि चार्ज होणारा सेल असतो. सिटिझनची इको-ड्राइव्ह आणि कॅसिओची टफ सोलर ही ओळखीची नावं. सेल बदलण्यासाठी झाकण वारंवार उघडावं लागत नाही, त्यामुळे झाकणाखालची, पाणी अडवणारी रबराची रिंगही जास्त काळ शाबूत राहते. किंमत परवडत असेल तर सोलर घेऊन टाका. फक्त महिनोन्महिने कपाटाच्या अंधारात ठेवू नका.

ऑटोमॅटिक आणि चावीचं. यात सेल नसतो. स्प्रिंग असते, ती चावी देऊन किंवा हाताच्या हालचालीने भरते. काटा गुळगुळीत सरकतो, मागच्या काचेतून चक्रं दिसतात, मन भुलतं. पण आकडे पाहा. सेकोच्या कारखान्यातलं एनएच३५ हे या वर्गातलं भरवशाचं मशीन: ताशी २१,६०० ठोके, पूर्ण भरल्यावर सुमारे ४१ तास चाल, आणि कंपनीनेच दिलेली मुभा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद. म्हणजे क्वार्ट्झ महिन्यात चुकतं तेवढं हे एका दिवसात चुकू शकतं, आणि तो दोष धरत नाहीत. शिवाय पाच-सात वर्षांनी उघडून साफसफाई आणि तेलपाणी लागतं.

दीड-दोन हजारांत मिळणारी, डायल कापून आतली चक्रं दाखवणारी बिननावाची ऑटोमॅटिक घेऊ नका. मशीनचा नंबर कुठे लिहिलेला नसतो, सुटा भाग मिळत नाही आणि दुरुस्तीला घड्याळाच्या किमतीहून जास्त खर्च येतो. ऑटोमॅटिकच हवं असेल तर मशीनचं नाव स्पष्ट दिलेलं घ्या. तेवढे पैसे जमेपर्यंत चांगलं क्वार्ट्झ वापरा. घरून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. दिवसभर खुर्चीत बसून ऑटोमॅटिक पुरतं भरत नाही आणि सोमवारी सकाळी बंद सापडतं.

डायलमधल्या छोट्या चक्रांबद्दल, म्हणजे मोठ्या डायलवरच्या छोट्या डायलबद्दल, इथेच सांगून टाकू. ती तीन प्रकारची असतात: खरा स्टॉपवॉच, वार-तारीख-२४ तास दाखवणारी, आणि नुसती छापलेली. दुकानात बाजूची बटणं दाबा. वरचं बटण दाबल्यावर काटा पळायला लागला तर स्टॉपवॉच खरा. बटण दाबलं जातं पण काहीच हलत नाही, किंवा बटण दाबलंच जात नाही, तर चक्रं शोभेची. शोभेच्या चक्रांना पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

३. घड्याळ उलटं करा

विक्रेता डायलबद्दल बोलत असतो तेव्हा तुम्ही मागचं झाकण वाचा. एक-दोन इंचांच्या त्या गोलात बहुतेक सगळं कोरलेलं असतं.

पहिली ओळ धातूची. ‘ऑल स्टेनलेस स्टील’ किंवा नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ असेल तर उत्तम. पण ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं असेल तर नीट वाचा: फक्त मागचं झाकण स्टीलचं आहे. बाकीची केस पितळ किंवा तसल्याच मिश्रधातूची असून तिच्यावर मुलामा आहे. काही ठिकाणी ‘बेस मेटल बेझल’ (काचेभोवतीची कड साध्या धातूची) असं लिहून मोकळे होतात. ही मुलाम्याची घड्याळं नवी असताना स्टीलपेक्षा जास्त चमकतात. घाम मुलाम्याच्या बारीक भेगांतून खाली उतरतो, आणि पहिल्यांदा झिजतात त्या पट्ट्याजवळच्या कडा आणि मनगटाला घासणारी खालची बाजू. तिथे आधी पिवळट-तपकिरी ठिपका येतो, मग हिरवा थर, आणि काहींच्या त्वचेला खाज सुटते. कोकणपट्टी, मुंबई, गोवा अशा दमट आणि खाऱ्या हवेत हे लवकर होतं. नागपूर-सोलापूरच्या कोरड्या हवेत थोडं सावकाश. सोनेरी रंग हवाच असेल तर स्टीलवर ‘आयपी’ (आयन प्लेटिंग) पद्धतीने दिलेला मुलामा पाहा. तो पितळेवरच्या साध्या मुलाम्यापेक्षा जास्त तग धरतो. ३१६एल लिहिलेलं स्टील घामाला चांगलं तोंड देतं.

दुसरी ओळ पाण्याची. तिचं सविस्तर पुढे.

तिसरी ओळ मॉडेल आणि अनुक्रमांकाची. हाच नंबर डब्यावर, लेबलवर आणि वॉरंटी कार्डावर जुळला पाहिजे. अक्षरं खोल आणि स्वच्छ कोरलेली असावीत. नखाने खरवडली जाणारी छपाई म्हणजे शंकेला जागा.

झाकण बंद कसं केलंय तेही बघा. कडेला छोटी खाच असेल तर ते दाबून बसवलेलं आहे. भोवती सहा-आठ खोबण्या असतील तर ते आट्यांचं, फिरवून घट्ट होणारं. चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतील तर तो तिसरा प्रकार, डिजिटलमध्ये नेहमी दिसणारा. आट्यांचं झाकण पाण्यासाठी सगळ्यात भरवशाचं. दाबून बसवलेलं वाईट नाही, पण रस्त्याकडेच्या टपरीवर सेल बदलताना सुरीने उचकटलं की त्याची रिंग बिघडते.

झाकणावरचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा घरी आल्यावर लगेच काढा. नवेपणा टिकावा म्हणून अनेक जण तो महिनोन्महिने ठेवतात. त्याखाली घाम साचतो आणि धातूवर डाग पडतात.

४. पाण्याचा आकडा म्हणजे खोली नव्हे

‘३० मीटर’ वाचून तलावात उडी मारली की घड्याळ गेलं. हा आकडा प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली घेतलेल्या चाचणीचा असतो. ३० मीटर, ३ बार आणि ३ एटीएम (बार आणि एटीएम ही दाबाची मापं) हे तिन्ही व्यवहारात एकच. प्रत्यक्षात असं धरा:

- नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ किंवा ३० मीटर: हात धुणं, पावसाचे शिंतोडे. भर पावसात दुचाकीवर असाल तर रेनकोटच्या बाहीखाली घ्या.
- ५० मीटर: मुसळधार पाऊस, क्वचित थोडंसं पोहणं.
- १०० मीटर: नियमित पोहणं, समुद्रात डुंबणं.
- २०० मीटर आणि सोबत ‘डायव्हर्स’ हा शब्द: ही घड्याळं आयएसओ ६४२५ या वेगळ्या, कडक मानकाची. नेहमीच्या वापराला इतकं लागत नाही.

पाणी आत जातं ते बहुतेक वेळा चावीतून, म्हणजे बाजूच्या वेळ लावायच्या खुंटीतून. ती बाहेर राहिली, ओल्या हाताने ओढली किंवा पाण्याखाली स्टॉपवॉचचं बटण दाबलं, की आकडा काहीही असो, उपयोग नाही. गरम पाण्याची आंघोळही टाळा: उष्णतेने रबर आणि धातू वेगवेगळे फुगतात, आणि साबणाने रिंग खराब होते. काचेच्या आत धुकं दिसलं, तर उन्हात ठेवून वाट बघू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उघडून वाळवून घ्या. आठवडा गेला की काट्यांच्या मुळाशी आणि सेलच्या पट्टीवर गंज धरतो.

५. काच

प्लास्टिकची काच (ॲक्रिलिक) सहज फुटत नाही, पण लगेच ओरखडते. मात्र तिच्यावरच्या रेघा पॉलिशने बऱ्याचशा निघतात. मिनरल काच या किमतीतली नेहमीची. सफायर सगळ्यात कठीण. कारण साधं आहे: रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, त्यांची कठीणता मोह्स मापावर ७ च्या आसपास. मिनरल काच त्याखाली, म्हणून ओरखडते. सफायर ९ वर, म्हणून वाचते. पण जोरात आपटली तर सफायरही तडकते. बजेटमध्ये सफायर मिळाली तर आनंदच, नाही मिळाली तर त्यासाठी स्टीलची केस हातची घालवू नका. मिनरल काच दोन-तीनशेत बदलून मिळते, केस बदलून मिळत नाही.

६. माप: देखणेपण इथूनच

घड्याळ शोभतं की नाही हे ब्रँडपेक्षा मापावर जास्त ठरतं, आणि यात पैसा लागत नाही. कागदाची पट्टी मनगटाच्या हाडाच्या किंचित मागे गुंडाळा, खूण करा, फूटपट्टीवर मोजा. साधारण १५ ते १६.५ सेंटिमीटर मनगटाला ३४ ते ३८ मिलिमीटरची केस, १६.५ ते १८ ला ३८ ते ४१. त्याहून मोठ्या मनगटाला ४२ पर्यंत चालतं.

पण व्यासाहूनही महत्त्वाची लांबी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांची. ती मनगटाच्या सपाट रुंदीपेक्षा जास्त झाली की घड्याळ दोन्हीकडून बाहेर डोकावतं आणि उसनं आणल्यासारखं दिसतं. ऑनलाइन घेताना ही लांबी पुठ्ठ्यावर कापून मनगटावर ठेवून बघा. स्क्रीनवरचा फोटो आणि मॉडेलचा हात यांवर मुळीच विसंबू नका.

जाडीही तपासा. क्वार्ट्झ बहुधा ७ ते ९ मिलिमीटर, ऑटोमॅटिक ११ ते १३. बारा मिलिमीटरच्या पुढे फुल शर्टाची बाही अडकते. उलट अतिशय पातळ घड्याळ सुंदर दिसतं, पण पाण्याच्या बाबतीत ते बहुतेक ३० मीटरचंच असतं. टायटनच्या ‘एज’ या पातळ घड्याळाचं मशीन १.१५ मिलिमीटर जाडीचं आहे आणि ती कारागिरीची कमालच. पण असं घड्याळ समारंभाला शोभतं, पावसातल्या दुचाकीवर नाही.

डायलचा एकच निकष: हाताच्या अंतरावरून, जिन्याच्या मंद उजेडात, दोन सेकंदांत वेळ कळली पाहिजे. चंदेरी डायलवर चंदेरी काटे दुकानाच्या दिव्याखाली मोहक दिसतात आणि बाहेर वाचता येत नाहीत. अंधारात चमकणारा रंग स्वस्त घड्याळांत अर्ध्या तासात विझतो. त्यावर विसंबायचं असेल तर लाइटचं बटण असलेलं डिजिटल बरं.

७. पट्टा

पट्ट्याची रुंदी शिंगांच्या मधली: १८, २० किंवा २२ मिलिमीटर असेल तर कुठल्याही दुकानात बदली पट्टा मिळतो. १९ आणि २१ ला थोडं हिंडावं लागतं. खास खाचेत बसणारे पट्टे असलेलं घड्याळ टाळाच. पट्टा तुटल्यावर कंपनीने तो बंद केलेला असला तर चांगलं मशीन ड्रॉवरमध्ये पडून राहतं.

चामड्याचा पट्टा देखणा, पण जून ते सप्टेंबर त्याचे हाल होतात: भिजतो, वास मारतो, कडा सुटतात. पावसाळ्यापुरता नायलॉनचा किंवा सिलिकॉनचा शंभर-दोनशेचा पट्टा घालावा आणि चामड्याचा दिवाळीला बाहेर काढावा. एका घड्याळाची दोन रूपं, तीही स्वस्तात. ‘लेदर’ म्हणून मिळणारे अनेक पट्टे प्रत्यक्षात रेक्झिनचे असतात. भोकाच्या आत आणि कापलेल्या कडेला बघा: चामड्यात तंतू दिसतात, रेक्झिनमध्ये कापडावर प्लास्टिकचा थर.

स्टीलची चेन हातात धरून हलवा. पत्रा दुमडून केलेल्या कड्या हलक्या असतात, खुळखुळतात आणि हाताचे केस ओढतात. भरीव कड्यांचा आवाज घट्ट येतो. चेन कमी करताना बक्कलच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या कड्या काढायला सांगा, नाहीतर बक्कल मनगटाच्या मध्यावर येत नाही. आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात, पिन त्या दिशेने बाहेर ठोकायची. करंगळी जेमतेम आत जाईल इतकी सैल ठेवा, कारण उन्हाळ्यात मनगट थोडं सुजतं. काढलेल्या कड्या मागून घ्या आणि जपून ठेवा. त्या दुकानातच राहून गेल्या तर पुन्हा मिळणं अवघड.

८. दुकानात पाच मिनिटांची तपासणी

१. सेकंद काटा एक मिनिटभर बघा. स्वस्त क्वार्ट्झमध्ये तो प्रत्येक रेघेवर अचूक पडतोच असं नाही, तेवढं सोडून द्या. पण तो थरथरत असेल, अडखळत असेल तर दुसरा नग मागा. दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारत असेल, तर बऱ्याच मशीनमध्ये ती सेल संपत आल्याची खूण असते. माल शोकेसमध्ये जुना झालेला आहे. नवा सेल घालून मागा.

२. चावी पूर्ण ओढून काटे बारावर आणा. तास आणि मिनिट काटा एकावर एक बसले पाहिजेत.

३. काटे पुढे फिरवत तारीख बदलेपर्यंत जा. ती बाराच्या आसपास बदलावी आणि खिडकीत मधोमध बसावी. घरी तारीख लावताना रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात झटपट बदल करू नका, विशेषतः ऑटोमॅटिकमध्ये. त्या वेळी तारखेचं चाक दात्यांत अडकलेलं असतं आणि जबरदस्तीने दाता तुटतो.

४. कानाजवळ धरून हलकेच हलवा. क्वार्ट्झमध्ये आत काही खडखडलं तर नको. ऑटोमॅटिकमध्ये फिरणाऱ्या वजनाची घरघर असतेच.

५. लेबलवर कमाल किंमत, आयातदार किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कुठल्या देशात बनलं ते छापलेलं हवं. वॉरंटी कार्डावर तारीख, मॉडेल नंबर आणि दुकानाचा शिक्का तिथल्या तिथे घ्या, आणि पक्कं बिलही. काच, पट्टा आणि सेल सहसा वॉरंटीत येत नाहीत.

ऑनलाइन घेताना ब्रँडच्या नावाखाली ‘विक्रेता’ कोण ते वाचा; कंपनीचं स्वतःचं दुकान किंवा अधिकृत विक्रेता असेल तरच घ्या. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. ‘कमाल किंमत ४,९९९, आज फक्त ३९९’ अशा पाटीचा अर्थ घड्याळ ३९९ चंच आहे. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकलं जाणारं घड्याळ म्हणजे सरळ सरळ नक्कल. त्याला वॉरंटी नाही आणि आत कुठलं मशीन आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

नक्कल फक्त महागड्यांचीच होते असं नाही. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून चालू आहे. २१ ग्रॅम वजन, सीआर२०१६ सेल, कंपनीच्या हिशेबाने सात वर्षं. हजाराच्या आसपासच्या या घड्याळाच्याही नकला ढिगाने मिळतात. अस्सलमध्ये उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कॅसिओचं नाव उमटतं. काही नकलांनी आता हेही साधलंय, म्हणून लेबल आणि मागची कोरीव अक्षरंही बघायचीच.

९. जुनं एचएमटी घ्यावं का?

नवख्यांना हा मोह हमखास होतो. एचएमटी या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये बेंगळुरूत सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता आणि पायलट ही १७ ज्वेलची चावीची घड्याळं घरोघरी होती. एचएमटी वॉचेस कंपनी बंद करण्याला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि त्यानंतर जुन्या नगांना एकदम भाव आला. आज ऑनलाइन जी भडक लाल, पोपटी, निळ्या डायलची ‘जुनी पण नव्यासारखी’ एचएमटी दिसतात, ती बहुतेक पुन्हा रंगवलेली, सुटे भाग जुळवून उभी केलेली असतात. परदेशी संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ हे नाव पडलंय, ते काही कौतुकाने नव्हे. ओळखायचं तर भिंगातून डायल बघा: अक्षरांच्या कडा फुगीर, मिनिटांच्या रेघा असमान, काट्यांचा रंग डायलशी न जुळणारा, केस घासून घासून शिंगं गोल झालेली.

घरात आजोबांचं असेल तर जरूर साफ करून घ्या. रोज साधारण एकाच वेळी चावी द्या, अडली की थांबा. पण एकमेव घड्याळ म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून जुनं घेऊ नका.

१०. घेतल्यानंतर

पहिल्या दिवशी मोबाइलच्या वेळेशी सेकंद जुळवा आणि सात दिवसांनी फरक बघा. क्वार्ट्झमध्ये पाचेक सेकंदांपर्यंत ठीक. आठवड्यात मिनिटभर फरक पडला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकान गाठा. ऑटोमॅटिक अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुधा ते चुंबकाने भारलं गेलंय. स्पीकर, टॅबलेटचं चुंबकी कव्हर, पर्सचं चुंबकी बटण ही नेहमीची कारणं. घड्याळजीकडे चुंबकत्व काढायचं यंत्र असतं, काम दोन मिनिटांचं.

घाम आलेल्या दिवशी ओलसर फडक्याने पुसा. चेनला महिन्यातून एकदा मऊ ब्रश. समुद्रावरून आलात आणि घड्याळ १०० मीटरचं असेल, तर चावी आत असल्याची खात्री करून गोड्या पाण्याने धुवा. अत्तर आणि डासांचं मलम आधी लावा, वाळू द्या, मग घड्याळ घाला. मलमातल्या काही द्रव्यांनी प्लास्टिक खराब होतं.

सेल बदलताना काय मागायचं ते माहीत असू द्या. साध्या काट्याच्या घड्याळात बहुधा एसआर६२६एसडब्ल्यू लागतो, त्यालाच ३७७ म्हणतात. हा सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टचा. त्याच मापाचा एलआर६२६ किंवा एजी४ हा अल्कलाइन सेल स्वस्त पडतो आणि टपरीवर बऱ्याचदा तोच घालतात. तो लवकर संपतो आणि संपल्यावर गळतो. गळलेल्या द्रवाने मशीनची तांब्याची वेटोळी खाल्ली की मशीनच बदलावं लागतं. म्हणून सेलवरचा नंबर डोळ्यांनी वाचा, ‘झाकणाची रिंग बघून बसवा, सुकली असेल तर बदला’ असं सांगा, आणि घड्याळ ५० मीटर किंवा त्याहून जास्त पाण्याचं असेल तर काम कंपनीच्या केंद्रातच करा, तिथे दाबाची चाचणी होऊ शकते. स्टॉपवॉचवाल्या घड्याळात सेल बदलल्यावर छोटे काटे शून्यावर येत नसतील तर ते बिघडलेलं नाही; चावी ओढून बटणांनी काटे शून्यावर आणायची पद्धत पुस्तिकेत दिलेली असते.

बंद पडलेला सेल घड्याळात ठेवू नका. दोन-तीन महिने घालणार नसाल तर चावी बाहेर ओढून ठेवा. काटे थांबतात आणि सेलचा खर्च बराच कमी होतो. नवा सेल घालूनही घड्याळ चाललं नाही, तर ‘मशीन गेलं’ म्हणून नवं घ्यायच्या आधी झाकण उघडून मशीनवर छापलेला नंबर बघायला सांगा. नंबर सहज मिळणाऱ्या मशीनचा असेल तर बदलायला कित्येकदा नव्या पट्ट्याएवढाच खर्च येतो. मात्र बदली मशीन त्याच नंबरचं आणि काट्यांच्या दांड्याच्या त्याच उंचीचं हवं. दांडा आखूड निघाला तर काटे एकमेकांना घासतात, उंच निघाला तर सेकंद काटा काचेला लागून थांबतो.